स्वावलंबनाची पुस्तके आणि आपण बायका

स्मरणिकेसाठी यंदा काही इतिहासाचे लिहा, असे संपादिकाबाईंनी मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. परंतु मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आणि नोंदवही दोन वर्षे माझ्याकडे आहे. त्या वहीवरून पाहता कादंबऱ्यांच्या खालोखाल आपल्यात जी पुस्तके फिरतात ती 'यशस्वी कसे व्हावे', 'चिंता कशी टाळावी', 'चांगल्या सवयी कशा लावाव्या' या जातीची. एक भगिनी पुस्तक परत आणते तो दुसरी दारातच उभी असते. तेव्हा मनात आले की, माणसाला शहाणे करू पाहणारी ही पुस्तके आली कोठून, ती प्रथम कोणासाठी लिहिली गेली, आणि त्यांत आपल्या वाट्याला काय आले, हाच इतिहास का सांगू नये?

आपल्याकडे उपदेशाच्या ग्रंथांची वाण कधीच नव्हती. समर्थ रामदासांचा (१६०८ ते १६८१) 'दासबोध' घ्या. २० दशक आणि २०० समासांचा हा ग्रंथ परमार्थाचा खराच. पण त्यात संसारी माणसाने कसे वागावे, कसे बोलावे, इतकेच काय, अक्षर कसे काढावे हेही सांगितले आहे. दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खाची लक्षणे येतात, मग उत्तम माणसाची, आणि त्या दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची. वाचले पुष्कळ पण अंगी काही बाणले नाही, तो पढतमूर्ख. ही शेवटची लक्षणे ध्यानात ठेवावी, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

तथापि आज ज्याला स्वावलंबनाचे पुस्तक म्हणतात, त्याचा जन्म इंग्लंडात झाला. तेथे १८५९ साली 'सेल्फ हेल्प' या नावाचे पुस्तक निघाले आणि पुढे त्या जातीच्या सगळ्याच पुस्तकांना ते नाव चिकटले. लेखक सॅम्युएल स्माइल्स. १८१२ साली स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन गावी ते जन्मले. त्यांचे वडील १८३२ च्या पटकीच्या साथीत वारले. मागे मुलांचे मोठे लटांबर. आईने लहानसे दुकान चालवून सारी मुले वाढविली आणि सॅम्युएलचे वैद्यकीचे शिक्षणही थांबू दिले नाही. पुढे ते डॉक्टर झाले, मग लीड्स शहरातील एका वर्तमानपत्राचे संपादक झाले, आणि नंतर रेल्वे कंपनीत चिटणीस म्हणून नोकरीला लागले.

हे पुस्तक कसे जन्मले, ती हकिगत स्माइल्स यांनी प्रस्तावनेत सांगितली आहे, आणि मला ती साऱ्या पुस्तकाहून मोलाची वाटते. लीड्स हे गिरण्यांचे व कारखान्यांचे शहर. तेथील दोन-तीन गरीब तरुणांनी ठरविले की, हिवाळ्यातील संध्याकाळी एकत्र जमावे आणि ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे. प्रथम ते एकाच्या घरातील खोलीत बसत. माणसे वाढली, खोली पुरेना. उन्हाळा आल्यावर ते घरामागच्या बागेत उघड्यावर बसू लागले. पुन्हा थंडी पडली तेव्हा प्रश्न आला की जावे कोठे? गावात एक मोठी, अंधारी जागा रिकामी पडली होती. पटकीच्या साथीत तेथे तात्पुरते इस्पितळ उघडले होते, म्हणून ती भाड्याने घेण्यास कोणी धजत नव्हते. या मुलांनी तीच जागा आठवड्याच्या भाड्याने घेतली, दिवे लावले, चार बाके आणि एक टेबल मांडले, आणि वर्ग सुरू केला. ज्याला थोडे येई तो, ज्याला त्याहून कमी येई त्याला शिकवी. वाचन, लेखन, गणित, भूगोल असे करता करता मंडळी शंभराच्या घरात गेली. मग त्यांना वाटले, कोणी चार शब्द सांगणारा बोलवावा. म्हणून ते स्माइल्स यांच्याकडे गेले. हे १८४५ च्या सुमाराचे.

स्माइल्स यांनी त्यांना कष्टाने वर आलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. काही वर्षांनी त्या वर्गातील एक तरुण त्यांना भेटावयास आला. तो आता स्वतःच चार माणसांना काम देणारा झाला होता आणि त्या व्याख्यानांची त्याने आभारपूर्वक आठवण काढली. त्यावरून स्माइल्स यांनी आपली टिपणे पुन्हा हाती घेतली. एका प्रकाशकाने हस्तलिखित नाकारले. अखेर १८५९ साली पुस्तक निघाले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या २०,००० प्रती खपल्या. १९०४ साली स्माइल्स वारले, तोवर खप अडीच लाखांवर गेला होता. जपानात नाकामुरा मासानाओ यांनी १८७१ साली त्याचे भाषांतर केले, तेही तिकडे घरोघर गेले. कुंभार, विणकर, न्हावी, खाणीत राबणारे अशा साध्या घरांतील माणसे चिकाटीने केवढी थोर झाली, हे वाचून पुष्कळांना धीर आला असेल यात शंका नाही.

आता यात मला खटकते ते सांगते. ज्या माउलीने दुकान चालवून मुलगा डॉक्टर केला, तिच्याच मुलाच्या पुस्तकात चरित्रे येतात ती जवळजवळ सारी पुरुषांची. दुसरी गोष्ट अशी की, पुस्तकाचे नाव वाचून लोकांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. आपले आपण पाहावे, दुसऱ्याशी काय कर्तव्य, असा. खुद्द स्माइल्स यांना पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, १८६६ साली, खुलासा करावा लागला की, हे नाव दुर्दैवी ठरले. स्वार्थाची स्तुती करावी असा आपला हेतू नव्हता. विचार करा, जे पुस्तक एकमेकांना शिकविणाऱ्या मुलांच्या वर्गातून जन्मले, ते वाचून लोक एकेकटे बसावयास शिकले!

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. येथे बायकांच्या हाती पुस्तक येणे हीच मोठी लढाई होती. पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना शाळेत जाता-येता काय सोसावे लागले ते आपण सर्व जाणतो. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले. त्या ११ वर्षांच्या, आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना लगेच शिकविण्यास आरंभ केला. नवरा अनुकूल, पण घरातील वडीलधाऱ्या बायका प्रतिकूल. त्यांचे टोमणे आणि अबोला सोसून त्या शिकत राहिल्या. १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले, त्यात हे सारे आले आहे. काशीबाई कानिटकरही लग्नानंतर स्वतःच्या चिकाटीने वाचावयास शिकल्या आणि पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. एका बाईने दुसऱ्या बाईचे चरित्र लिहावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. थोर पुरुषांच्या गोष्टींत आपल्याला जागा नव्हती, ती अशा लेखिकांनी आपल्या हाताने करून दिली.

१८८२ हे साल मात्र आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. त्या एकाच वर्षी, एकाच पुणे शहरात, दोन बायकांची दोन पुस्तके छापली गेली.

पहिली पंडिता रमाबाई. त्यांचे पती त्याच वर्षी फेब्रुवारीत पटकीने वारले होते आणि कडेवर लहान मुलगी होती. वय अवघे २३-२४. त्या पुण्यास आल्या, 'आर्य महिला समाज' स्थापन केला आणि 'स्त्री-धर्म-नीति' हे पुस्तक लिहिले. शिक्षण, वागणूक, विवाह, घरकाम, मुलांचे संगोपन, असे सर्व विषय त्यात आहेत. आळस सोडा, शिका, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसू नका, असा त्याचा सूर. बाईने बायकांसाठी मराठीत लिहिलेले स्वावलंबनाचे पुस्तक म्हणून आपण ते माथी लावले पाहिजे. त्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा त्यांना १८८३ साली इंग्लंडास जाण्यासाठी उपयोगी पडला. म्हणजे स्वावलंबनाच्या पुस्तकाने प्रथम लेखिकेलाच स्वावलंबी केले!

दुसऱ्या ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला १८८१ साली झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्याच चालचलणुकीवर तोंडसुख घेणे सुरू झाले. ते वाचून ताराबाई संतापल्या आणि त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. ५०० प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. त्यांचा प्रश्न सरळ होता. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? आणि बाईला शिक्षण नाही, विधवेला पुनर्विवाह नाही, हे नियम कोणी केले? पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतिराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही, आणि ते पुस्तक लोक विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

भगिनींनो, ही दोन पुस्तके मी मनाने शेजारी शेजारी ठेवून पाहते. एक म्हणते, बाई, तू स्वतःला सुधार. दुसरे म्हणते, बाईला दोष देण्याआधी तिला कोणी बांधून ठेवले ते पाहा. माझ्या मते दोन्ही खरी आहेत, आणि एकावाचून दुसरे अपुरे आहे. पुढील काळात मात्र पहिल्या जातीची पुस्तके गाडीभर निघाली आणि दुसऱ्या जातीची फार थोडी.

पहिल्या जातीतही चांगले पुष्कळ निघाले, हे नाकारता येत नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' हे हजार पाकक्रियांचे पुस्तक १९१० सालचे. १९३० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर यांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. शिवण-टिपण, आरोग्य, कायदा, संसारातील अडचणी, असे सर्व त्यातून घराघरांत गेले आणि पुष्कळ बायकांना प्रथम लिहिते केले ते या मासिकाने. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' निघाली. वाटी, चमचा यांच्या मापाने, आई लेकीला सांगते तसे सांगितलेले हे पुस्तक किती नवख्या सुनांच्या उपयोगी पडले, ते सांगावयास नको. कमलाबाईंचे शाळेतील शिक्षण थोडे, पण हाताला आलेले ज्ञान त्यांनी दुसऱ्याला वाटले. लीड्सच्या त्या मुलांचा धडा तोच होता.

आता आपल्या कपाटातील नव्या पुस्तकांचे मूळ. अमेरिकेत मिसुरी प्रांतात शेतकऱ्याच्या घरी १८८८ साली जन्मलेले डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये, चार लोकांत धीटपणे बोलावे कसे, याचा रात्रीचा वर्ग सुरू केला. दिवसभर नोकरी, विक्रीची कामे करणारे लोक तेथे येत, उभे राहून आपापल्या अडचणी सांगत आणि एकमेकांकडून शिकत. त्या वर्गाच्या अनुभवातून १९३६ साली माणसे जोडण्याविषयीचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आणि १९४८ साली चिंता घालविण्याविषयीचे पुस्तक निघाले. दोन्ही आज मराठीत मिळतात. त्यानंतर तर पूरच आला. शिव खेरा यांचे १९९८ चे पुस्तक मराठीत 'यश तुमच्या हातात' म्हणून आले, डॉ. अब्दुल कलाम यांचे १९९९ चे आत्मचरित्र 'अग्निपंख' नावाने आले आणि मुलांच्या बक्षीस समारंभांतून घरोघर पोहोचले. आता तर अशी पुस्तके मोबाईलवर कानाने ऐकताही येतात; पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्या भगिनी आपल्यातच आहेत.

नवलाची गोष्ट पाहा. स्माइल्स यांचे पुस्तक वर्गातून जन्मले, कार्नेगी यांचेही वर्गातूनच. दहा-वीस माणसे जमली, बोलली, चुकली, सुधारली, तेव्हा ती पुस्तके झाली. आपण मात्र ती एकटीने वाचतो, आणि यश आले नाही की दोषही एकटीच्याच पदरात घेतो.

येथे घरचा एक अनुभव सांगते. काही वर्षांमागे ह्यांच्या कारखान्याने चार महिने पगार दिला नाही. मुलांची फी, वाण्याची उधारी, सासूबाईंचे औषध, सगळे अंगावर आले. शेजारच्या एका वहिनींनी मायेने मला एक पुस्तक आणून दिले. त्यात लिहिले होते की, आपले विचार चांगले ठेवले की परिस्थिती आपोआप बदलते. मी ते दोनदा वाचले. त्यातील एक प्रकरण फार कामाचे निघाले. रोजचा खर्च रात्री लिहून काढावा, आणि चिंतेची एकेक बाब कागदावर मांडून, आज यातले काय करता येईल ते ठरवावे, असे त्यात होते. तसे केल्यावर रात्री डोळा लागू लागला. वाण्याकडे जाऊन हप्ते ठरविण्याचे धैर्यही त्या कागदानेच दिले. परंतु पगार काही माझ्या चांगल्या विचारांनी आला नाही. कामगार एकत्र झाले, त्यांनी अर्ज केला, सरकारी कचेरीत खेपा घातल्या, तेव्हा तो आला. त्या चार महिन्यांत त्या पुस्तकाच्या नादाने मी जर म्हणत बसले असते की, माझ्याच मनात काही खोट आहे म्हणून हे संकट आले, तर माझे काय झाले असते? पुस्तकाने मला उभे केले. पगार आणला तो चार माणसांच्या एकजुटीने. दोघांचेही ऋण मी मानते, पण एकाचे श्रेय दुसऱ्याला देत नाही.

म्हणून मला वाटते, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईच्या हाती 'मन शांत कसे ठेवावे' हे पुस्तक देऊन आपण घरी परत येऊ नये. तिला ते पुस्तक जरूर द्यावे, पण तिच्याबरोबर पोलीस ठाण्यावर चालतही जावे. २००५ साली घरातील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, तो कोणा एकटीने मन शांत ठेवल्याने झाला नाही; किती तरी बायकांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला, तेव्हा झाला.

आणि शहाणपण काही पुस्तकातच असते असेही नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत. घरच्यांनी ती उतरून ठेवली आणि १९५२ साली, त्यांच्या मागे, ती छापून आली. मोठमोठ्या पंडितांनी माना डोलवाव्या असे संसाराचे ज्ञान त्यांत आहे. आपल्यातही न शिकलेल्या कितीतरी आजीबाई आहेत. त्यांचे ऐकणे हेही वाचनच समजावे.

'सेल्फ हेल्प' या शब्दाची आणखी एक गंमत सांगते. आपल्या बचत गटाचे सरकारी नाव काय? स्वयंसहाय्यता गट, म्हणजे तोच शब्द. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. नाबार्डने १९९२ साली असे गट बँकांशी जोडण्याचे काम हाती घेतले. गटात बायका साधारण १० ते २०. प्रत्येकीची बचत थोडी, पण अडीअडचणीला कर्ज सर्वांच्या भरवशावर. इंग्लंडातील त्या शब्दाला लोकांनी 'आपले आपण पाहावे' असा अर्थ दिला होता. आपल्या बायकांनी तो फिरवून पुन्हा 'आपण एकमेकींचे पाहावे' असा केला.

हा इतिहास वाचून हातावर हात ठेवून बसलो तर दासबोधातील त्या शेवटच्या लक्षणांत आपली गणना व्हावयाची. म्हणून एक सूचना करते. मंडळाने दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अशा एका पुस्तकातील एक प्रकरण मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बोलवावे. त्यांना उगीच मागे बसवू नये. वाचून झाल्यावर तीन प्रश्नांवर बोलावे. यातील कोणती गोष्ट मला उद्या सकाळपासून स्वतःला करता येईल? कोणती गोष्ट एकटीने होणार नाही, चौघींनी मिळूनच होईल? आणि हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आपल्यासारखी बाई होती की नव्हती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपापल्या वहीत लिहावे. दुसऱ्याचे मंडळाच्या इतिवृत्तात लिहावे, म्हणजे पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते विचारता येईल. तिसऱ्याचे उत्तर 'नव्हती' असे आले, तर आपल्यातीलच कोणी लेखणी हाती घ्यावी.

जागेची अडचण सांगू नये. ज्या खोलीत पाऊल टाकण्यास गाव भीत होते, तेथे त्या मुलांनी दिवा लावला. आपल्याला तर मंडळाची स्वच्छ खोली आहे, पंखा आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारी चार वाजता मी ते उघडून बसेन. सर्वांनी यावे, आणि येताना शेजारणीलाही घेऊन यावे.